आबांची चक्कर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जीभ दुसरीकडेच वळते. आजही वडिलांपासूनच सुरुवात होते आहे, बघा.

वडील, म्हणजे आबा, रेल्वेत बत्तीवाले होते. दुर्गच्या लाइनीवर रोज संध्याकाळी रॉकेलचा दिवा घेऊन सिग्नलच्या खांबावर चढायचे. वारा असो, पाऊस असो. वरून त्यांना आमचं अंगण दिसायचं. तिथूनच ओरडायचे, "काबे, अभ्यास करून राहिला का पतंग पाहून राहिला?"

मी भिलाईला प्लांटमध्ये लागलो, क्रेनवर. केबिन शेडच्या छपराखाली, वर जायला उभी लोखंडी शिडी. वर्षानुवर्षं चढलो. एक दिवस मध्येच खाली पाहिलं आणि हात शिडीला चिकटले — सुटेचनात. कोणी पडलं नव्हतं, काही घडलं नव्हतं. नुसती भीती. दोघांनी मला उतरवलं. मी म्हणालो, चक्कर आली. त्या एका शब्दावर खालचं काम मिळालं. पुन्हा चढून पाहिलंच नाही. जमलं असतं का? — कोण जाणे.

पुढे माझी मुलगी वर्षा क्रेन शिकायच्या निवडीत आली. एकच चाचणी उरली होती — तशीच शिडी. चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, तुमची केबिन आता माही. पाहजा!"

मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. ती सहज चढली असती, तर माझी चक्कर म्हणजे काय होतं, ते माझं मलाच दिसलं असतं. मी म्हणालो, "जपून जाजो. आपल्या घराण्यातच चक्कर आहे. आबालेही होती."

आबांना! तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. आबा रेल्वेत होते, एवढंच तिला ठाऊक. खांबाचं मी कधी बोललोच नव्हतो.

ती अर्ध्या शिडीवरून परत आली. घरी येऊन माझ्या शेजारी बसली. "बरं झालं बाबा, तुम्ही सांगून ठेवलं. नाही तं पडलीच असती मी."

पुढे एकदा धीर करून म्हणालो, "अवं, आबाले चक्कर नव्हती." ती हसली. "राहू द्या बाबा. माहं मन राखायले कावून खोटं बोलता?" आता पुलावरून जाताना ती कठड्यापासून लांब, मधोमध चालते.

परवा नेहरू नगरच्या बागेत नात घसरगुंडीच्या शिडीवर चढली. अगदी वर. घट्ट उभी, हसत होती. वर्षा धावत आली. "उतर बेटा, नीचे आ! अपने खानदान में चक्कर है!"

नातीनं तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. तिचे हात दांड्याला चिकटले.

मी दोन्ही हात वर केले, आणि तिला उतरवून घेतलं.