खाटवाल्या मॅडम

बाबांच्या मयतीला मी रडलो नाही, हे आमच्या स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनमध्ये, सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर कुठे रडलो, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. पाहिलं ते एकट्या खाटवाल्या मॅडमनी.

मॅडम आर्किटेक्ट, दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, आवाजानं खणखणीत. मी त्यांच्याकडे नकाशे काढायचो. मोठी कामं त्यांना नकोच असत. दवाखान्याची एखादी खोली, ध्यानाची कुटी, पेशंटच्या नातेवाइकांना टेकायला ओसरी, एवढंच. काम आलं की त्या मोकळ्या प्लॉटवर फोल्डिंगची खाट टाकून भरदुपारी आडव्या व्हायच्या. "आजारी माणसाले भिंत नाही दिसत रे, छत दिसते," म्हणायच्या आणि मलाही पडायला लावायच्या. एकदा पावर हाउस स्टेशनवरचा ऑटोवाला आम्हाला पाहून थांबला. "मॅडमजी, अस्पताल छोड़ दूँ क्या?" मॅडम पडल्यापडल्याच म्हणाल्या, "पहले बनने तो दे."

मरोद्याला एका दवाखान्यामागे त्यांनी शांत बसायची खोली बांधली. प्लांटची घरघर आत येऊ नये म्हणून दुहेरी भिंत आणि जाड काच मी सुचवली, त्यांनाही पटली. खोली इतकी शांत झाली की आम्ही दोघं आपल्यावरच खूश. पण प्लांटमधून रिटायर झालेली माणसं आत जायची, चुळबुळायची आणि बाहेर कडुनिंबाखाली येऊन बसायची. त्यांत माझे बाबाही होते, छातीच्या दुखण्यानं खंगलेले. का उठले म्हणून मॅडमनी विचारलं, तर म्हणाले, "आवाज बंद झाला का जीव घाबरते, बाई. प्लांटात काही बिघडलं असं वाटून राहते."

भंडाऱ्याकडची शेती सोडून आल्यापासून हा माणूस त्याच घरघरीत झोपला होता. एका घरात राहून मला ते कळलं नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. "आपण आपल्या कानानं खोली बांधली," एवढंच म्हणाल्या. प्लांटकडची भिंत फोडून त्यांनी लाकडी झडपांची खिडकी बसवली. मग बाबा दुपारी तिथे बसू लागले, कधी डुलकीही घेत. ते गेले तेव्हा मी साइटवर होतो.

पुढे पावसाळ्यानंतर भिंतीची ओल पाहायला मी त्या खोलीत गेलो. झडपेतून घरघर येत होती. जरा बसलो, आणि मग मला आवरलं नाही. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मॅडम बाहेर पायरीवर बसल्यात आणि येईल त्याला परत पाठवताहेत, "रंग ओला आहे, उद्या या." मी बाहेर आलो तर ओल कुठवर चढली ते त्यांनी विचारलं.

आता मॅडम अर्धांगानं अंथरुणाला खिळल्यात, दुर्गला बहिणीकडे. वाचा गेली. मी जातो, कामांची रडगाणी भडाभडा सांगतो आणि उठतो. त्यांच्या गप्पपणापुढे मला बसवत नाही. त्या नुसत्या पाहत राहतात. तोंड बंद ठेवून एक दुपार त्यांच्या उशाशी बसणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.