राबाची राख

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत, ती पण गुरं राखायला दुसरं कोणी असेल त्याच दिवशी. पण रानातलं मला शिकवील असा माणूस किन्हवलीच्या बाजारात तरी भेटला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी नात जनावरांचं शिकते. गाईम्हशींचं नव्हे, रानातल्यांचं. कॉलेज संपलं तरी तिला आणखी पुढं शिकायचं होतं. त्याला म्हणे आधी कुणा मोठ्या प्राध्यापकानं "ये माझ्या हाताखाली" म्हणावं लागतं, नाहीतर अर्जच भरता येत नाही. अर्जाला बारा दिवस उरलेले. पोरीनं नऊ जणांना मेल धाडले, एकाचंही उत्तर नाही.

"वाच बघू काय लिवलंस," मी म्हटलं.

तिनं मराठी करून वाचलं. आपण थोर, आपलं काम थोर, मला लहानपणापासून प्राण्यांची आवड.

"हे काय गो? बैल इकायला गेलो तर आमी बैल दाखवतो. गिऱ्हाइकाच्या टोपीचं कवतिक नाय करत."

"माझ्याकडं कुठला बैल हाय, आजा?"

"राब हाय ना!"

भाताची रोपं करायच्या तुकड्यावर आम्ही उन्हाळ्यात शेण, पातेरा, ऐनाच्या फांद्या रचतो आणि जाळतो, तो राब. पेटवण्याआधी ढीग महिनाभर पडून असतात. तेवढ्यात त्यांत ससा, मुंगूस, घोरपड, धामण बिऱ्हाड करतात. म्हणून काडी लावण्याआधी मी काठी घेऊन प्रत्येक ढीग चारी बाजूंनी ठोकतो. माझा बापही ठोकायचा. कुठल्या साली कुठल्या ढिगातून काय पळालं, हे मला तोंडपाठ. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं : आमच्या राबात आजवर एकही जीव जळलेला नाही.

हा दहावा मेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दक्षिणेकडच्या एका मॅडमचा फोनच आला. नातीशी बोलून झाल्यावर म्हणाल्या, आजोबांना द्या. मराठी मोडकं, पण सवाल सरळ.

"काही जळलं नाही, हे कसं कळलं?"

"ठोकतो ना मी! सगळी पळतात."

"सशाची पिल्लं पळत नाहीत, बाबा. दबून बसतात."

हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून राबाशी कधी जोडलं नव्हतं.

"राखेत बघितलं कधी?"

राखेत आमच्याकडं पाऊस पडेपर्यंत कोणी पाय घालत नाही. ती रोपांचा खुराक, विस्कटली की वाऱ्यावर गेली. "राखेत कोन बघतो, मॅडम?" मी म्हटलं.

"तेच मला हवंय. बघा, आणि जे असेल ते कळवा. मग तिच्या अर्जाचं बोलू."

फोन ठेवल्यावर नात हळूच म्हणाली, "आजा, ते शेवटचं वाक्य मी घालायला नको होतं का?"

"खरं हाय ते," मी म्हटलं, आणि भाकरी अर्धी टाकून उठलो.

माझी म्हातारी चुलीपाशी हसत होती. "इतकी वर्सं मी बोलते तर कान नाय. फोनवरच्या बाईनं एका सवालात गप केलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिठाची चाळण उचलली.

"अवो, ती पिठाची हाय!"

"नवी आणीन," म्हटलं, आणि नातीला घेऊन शेतावर गेलो. चार दिवसांपूर्वी पेटवलेला राब थंड पडला होता. पहिला तुकडा चाळला, काही नाही. दुसरा चाळला, काही नाही. मी मिशीवर हात फिरवला. "बघ!"

तिसऱ्यात चाळणीवर काहीतरी खुळखुळलं. नखाएवढा जबडा, दातांसकट. मागोमाग आणखी दोन. सशाच्या पिल्लांचे, हे पोरीनं ओळखलं असणार. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी तिन्ही तिच्या तळहातावर ठेवले.

"लिव. आज्याचं वाक्य खोटं निघालं, आसं माझ्या नावानं लिव."

आणि चौथ्या तुकड्यावर चाळण घेऊन बसलो.