टिकल्या लावलेला पतंग

विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे. विज्ञानाचा माझ्यावर आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

देशात उदारीकरण आलं तेव्हा बडोद्यात कुणाकडे केबल आली, कुणाकडे नवी गाडी आली. आमच्याकडे रविवारच्या पेपरची रंगीत पुरवणी आली. तिच्या मागच्या पानावर जगातले ताजे शोध असायचे. औषधं, पदार्थविज्ञान, तंत्रज्ञान, जीवशास्त्र, सगळं एकाच पानात आणि मधोमध गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. मी कोयलीला रिफायनरीत हिशेबखात्यात, म्हणजे विज्ञान मला रोज कुंपणापलीकडून दिसायचं. त्यामुळे ते पान वाचलं की वाटायचं, हे घरात कुणीतरी अमलात आणायलाच हवं.

पहिला बळी अर्थात दादांच्या चहाचा. दादा म्हणजे माझे वडील. एका रविवारी चहा हृदयाला वाईट निघाला, मी बंद केला. पुढच्या रविवारी चांगला निघाला, मी सुरू केला. तिसऱ्या रविवारी मी पुरवणी उघडायच्या आत दादा म्हणाले, "बाळ, त्या शास्त्रज्ञांचं आपापसात एकदा ठरू दे. तोवर मी पितो."

त्याच वर्षी दिवाळीनंतर दादांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आत नवं भिंग बसवलं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. "सुनंदा, किती वाळलीस ग!" मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मग खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणाले, "या उत्तरायणला रमणभाईचा पतंग कापलेला एकदा या डोळ्यानं बघायचाय. दुसरं काही मागत नाही."

रमणभाई आमचे शेजारी. एरवी देवमाणूस. दादांना दवाखान्यात नेलं तेही त्यांच्याच गाडीतून. पण उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी अगाशीवर, गच्चीवर चढले की त्यांच्या अंगात यायचं. दरवर्षी ते आमचे सगळे पतंग कापायचे आणि ओरडायचे, "काप्यो छे! मराठा गया!" माझे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते हो! दादांची नजर होती तोवर त्यांनी घराण्याची लाज राखली. नजर गेली, फिरकी माझ्या हातात आली, आणि पुढचं सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

"दादा, काळजीच सोडा," मी म्हणालो. "यंदा आपण शास्त्रीय पद्धतीनं कापू."

दादांचा चेहरा पडला.

"अहो, मी उडवू का?" सुनंदानं विचारलं. तिचं माहेर करजणचं. लहानपणी भावांबरोबर पतंग उडवलेत म्हणे.

"तू हळदीकुंकवाचं बघ," मी म्हणालो. (हे वाक्य मी आज कुठल्याही किमतीला परत घ्यायला तयार आहे.)

मी पुरवण्या काढून बसलो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात म्हणून तो लांब जातो, असं एका पानावर होतं. आता पतंगाला खळगे पाडता येत नाहीत, पाडले तर त्यांना भोकं म्हणतात. मग मी उलटा विचार केला आणि सुनंदाच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट पतंगावर ओळीनं चिकटवलं. दुसऱ्या पानावर, पक्ष्यांची हाडं पोकळ असतात म्हणून ते हलके असतात. झालं, मी पतंगाच्या बांबूच्या काड्या काढल्या आणि तिथे कोल्ड्रिंकच्या नळ्या बसवल्या. तंत्रज्ञान म्हणून सुनंदाच्या शिलाई मशीनची मोटर सोडवून फिरकीच्या दांड्याला जोडली. बटण दाबलं की मांजा झर्रकन खेचला जाणार, आणि खेचलेला मांजा समोरच्याचा पतंग कापणार. दादांच्या नजरेसाठी गाजराचा रसही सुरू केला.

"डॉक्टरनं भिंग बसवलंय बाळ, गाजर नाही," दादा म्हणाले, आणि त्यांनी तो रस तुळशीला घातला.

संक्रांत उजाडली. बडोद्याच्या मराठी माणसाची या दिवशी मोठी पंचाईत. तिळगूळ देऊन ज्याच्याशी गोड बोलायचं, त्याच्याच नावानं अगाशीवरून बोंबलायचं! आम्ही वर पोचलो. दादा खुर्चीत, डोळ्याला काळा चष्मा. सुनंदा काळ्या साडीत. मी पतंग बाहेर काढला आणि पलीकडची अगाशी एकदम शांत झाली.

"जाधवभाई," रमणभाईंनी काळजीनं विचारलं, "आ पतंग छे के नवी वहू?"

नवी वहू म्हणजे नवी सून; मी तिला हवेत सोडलं. वारा बरा होता. नवी वहू चार हात वर गेली, नळ्या वाकल्या, तिनं कमरेत घडी घातली आणि ती रमणभाईंच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन अडकली. मी ताबडतोब मोटरचं बटण दाबलं. नेमके तेव्हाच लाइट गेले. सोसायटीतले सगळे लाउडस्पीकर गप्प झाले, आणि त्या शांततेत मी ते बटण दाबून बघत उभा होतो.

"अहो, जरा सरकता का?" सुनंदा म्हणाली.

तिनं पदर खोचला, एक साधा पतंग उचलला आणि दोन झटक्यांत वर नेला. दादा खुर्चीत पुढे सरकले.

"ढील दे, सुनंदा. आणखी दे. रमण डावीकडनं येतोय."

"दिसला, दादा."

"थांब. त्याला वर येऊ दे... आता!"

तिनं खेच मारली. रमणभाईंचा पतंग एकदा डुलला आणि शहरातल्या अलकापुरीच्या दिशेनं निघून गेला. दादांनी चष्मा काढला आणि तो पतंग दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण हे आतूनच आलं. पलीकडून रमणभाईंनी हात जोडले. "काका, आंख तो एकदम नवी छे!"

"सुनंदा, थोडा वेळ माझ्याकडे दे," दादा म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातात मांजा आला. अख्ख्या आभाळात आमचा पतंग सगळ्यांत वर, आणि खाली दादा गालात हसतायत. त्याहून सुंदर दृश्य मी पाहिलेलं नाही.

तेवढ्यात लाइट आले.

मी बटण बंद करायला विसरलो होतो. फिरकी घुर्रकन फिरली, टाकीमागची नवी वहू सुटून उसळली आणि माझा मांजा दादांच्या मांज्यावरून सुसाट गेला. मोटर शेवटी अगदी पुरवणीत लिहिल्यासारखी चालली. दादांचा हात एकदम हलका झाला, आणि आमचा पतंगही निघाला अलकापुरीला.

"काप्यो छे!" सगळी सोसायटी ओरडली. रमणभाई तर आनंदानं नाचले. "जाधवभाई, पहेलो पतंग! अभिनंदन!"

दादांनी नव्या डोळ्यानं माझा मांजा हळूहळू पाहत आणला. टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून फिरकीपर्यंत, फिरकीपासून मोटरपर्यंत आणि मोटरपासून माझ्यापर्यंत.

"किती स्वच्छ दिसतंय रे," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की रमणभाईंना पाणी घेऊन यावं लागलं.

संध्याकाळी सुनंदानं सोसायटीभर तिळगूळ वाटला. रमणभाईंना दोन लाडू जास्त. शेवटी माझ्याकडे आली. मशीनची मोटर जळली होती आणि तिच्या कपाळावर टिकली नव्हती, कारण घरात एकही शिल्लक नव्हती. माझ्या हातावर लाडू ठेवून ती म्हणाली, "तिळगूळ घ्या."

मी पुढच्या दोन शब्दांसाठी थांबलो. अजून थांबलोय. मधूनमधून विचारतो, तर म्हणते, "त्यावर संशोधन चालू आहे."