समुद्राचा अंगरखा

पट्टीअक्का कुठल्याही रंगाला आधी शिवी द्यायची, मग ब्रश लावायची. "मेल्या, तूही पळणारच," असं डबीला तोंडावर सांगायची. रंगाला लाडावलं की तो कापडाला धरून राहत नाही, असं तिचं म्हणणं. इथे तमिळ मुलखात आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी घरं आता थोडीच उरलीत, पण त्यातलं प्रत्येक घर तिला वेडी म्हणायचं. ती प्रत्येक घराला तेच परत म्हणायची.

नाव पडलं ते कापडाच्या पट्ट्यांवरून. नवा रंग ती थेट कपड्यावर कधी लावायची नाही. जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, पट्टी फाडायची, तिच्यावर रंग लावायची, मग ती पट्टी उन्हात, पाण्यात, साबणात. गल्लीतली पोरं तमिळ बोलणारी, ती हिला पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. "आजी तुझ्या घरी असेल! मी पट्टी," म्हणून ती खेकसायची. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या नाटकाचे कपडे रंगवायला बसली.

दर चित्तिरैत, चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात, आम्ही देवळापुढच्या मांडवात मराठी नाटक करतो. राम लंकेला निघतो, समुद्र वाट देत नाही, राम बाण लावतो, मग समुद्र हात जोडून वर येतो. समुद्र मी. राम म्हणजे आमचा मॅनेजर, बँकेतून निवृत्त, साठी उलटलेला. आपली वाक्यं तो तमिळ अक्षरांत लिहून पाठ करतो. मी चौथीत शाळा सोडली, सायकली दुरुस्त करून पोट भरलं, पण देवनागरी वाचतो. हे मी त्याला दरवर्षी ऐकवतो.

मागच्या सालच्या नाटकाआधी मॅनेजरने कुंभकोणमहून समुद्रासाठी भाड्याचा अंगरखा आणून दाखवला. निळं साटीन, वर चमकी. अक्काने तो दोन बोटांत धरला. "हा समुद्र काय रे? कल्याण मंडपातला पडदा आहे. नवरानवरीच्या मागे लाव, जा."

मॅनेजर पेटला. "शेरी, तू रंगवून दे. पण रंग सुटला, तर पुढच्या सालापासून असकं भाड्याचं."

असकं म्हणजे आमच्या बोलीत सगळं, आणि शेरी म्हणजे ठीक आहे. अक्काही "शेरी" म्हणाली. मॅनेजर गेल्यावर मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाड्याचं आलं तर मी काय करायचं? भिंतीकडे तोंड करून बसायचं?"

मग तिने रंगांचा छळ मांडला. पोस्टर कलर भाताच्या पेजेत कालवले. वाळल्यावर हात वाकवला की लाट पापडासारखी मोडायची. कापडाचा तयार रंग दाट लावला तर बाही आपली आपण उभी राहायची. पातळ केला तर पसरून माशाची म्हैस व्हायची. मी म्हटलं, ट्यूबला लावतो ते सोल्यूशन मिसळून बघ. मिसळलं, तर पट्टी तिच्या तळहाताला चिकटून बसली. "समुद्राला तुझ्या दुकानाचा वास आला की रे," म्हणाली, आणि खोबरेल चोळत संध्याकाळ घालवली.

शेवटी पापनाशमच्या एका रंगाऱ्याकडून तिने ऐकलं, की कापड आधी कडुक्काय आणि म्हशीच्या दुधात भिजवलं की रंग पसरत नाही. कडुक्काय म्हणजे हिरडा. पातेलं ओसरीवर ठेवलेलं, तेवढ्यात मॅनेजरचा पुण्याचा जावई डोकावला.

"आजी, यात काय आहे?"

"कडुक्काय."

"कडू काय?"

"होय. कडुक्काय."

"अहो, पण कडू काय आहे?"

"तेच सांगते की! कडुक्काय!"

जावई हसून म्हणाला, तुमचं मराठी जरा सुधारायला पाहिजे. अक्काने त्याला पातेल्यात बोट बुडवून चाटायला लावलं. त्याचं तोंड असं वाकडं झालं की बस. "आता कळलं मराठी?" अक्का म्हणाली.

ते कापड वाळल्यावर आंबट दुधाचा वास सुटला. गल्लीतल्या मांजरी समुद्राच्या मागे लागल्या. पण रेघ जिथे ओढली तिथेच थांबली. काळा रंग माझ्या दुकानातलं गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केला, निळा तयार डबीतलाच. जुनं-नवं असला भेद अक्काकडे नव्हता. चिकटला तो आपला.

पाण्याला टिकला, साबणाला टिकला. राहिला घाम. घाम माझा. तिने माझ्या गळ्यात आणि दंडांना पट्ट्या बांधल्या. "डेय्, पापनाशमला सायकलने जाऊन ये." वाटेत काप्पी प्यायला थांबलो की लोक विचारायचे, कुठल्या देवाचा नवस? मी म्हणायचो, वरुणाचा. परत आलो की ती पट्टी बघायची नाही, माझं कातडं बघायची. "निळा आहेस अजून. उद्या परत." मला हुकूम केलेला चालत नाही. बापाचाही चालला नाही. हिचा ऐकला, आणि शेवटी एकदा कातडं कोरं निघालं.

नाटकाच्या संध्याकाळी मी अंगरखा घालून आत आलो आणि मागची माणसं उठून बघायला लागली. निळ्या लाटा, काळे मासे, न रंगवलेल्या कापडाचा पांढरा फेस. रामाने बाण लावला. मी त्याच्या पायांशी पडलो, रीतीप्रमाणे त्याचे गुडघे धरले. उठतो तर रामाच्या पिवळ्या पितांबरावर निळा पट्टा! मांडवाच्या उकाड्यात बाह्या पट्ट्यांपेक्षा दुप्पट घामाने निथळत होत्या. मॅनेजर वाक्य विसरला, खाली बघत उभा राहिला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्का ओरडली, "समुद्राला एवढा खेटून उभा राहिलास तर भिजणार नाहीस काय, रामा?"

मांडव हसता हसता टाळ्या पिटायला लागला. मॅनेजरला वाक्य आठवलं. लोकांचं हसणंही त्याच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्का बाह्या उसवत बसलेली. "बाकी असकं बेष आहे. बाह्यांत हरले. परत करते." परत पट्ट्या तपासत महिने घालवून उजवी केली. डावी व्हायची होती, आणि तै महिन्यात, म्हणजे पौष-माघात, ती गेली. ब्रश पाण्यात तसाच होता.

आता मॅनेजर साटीन घेऊन आलाय. म्हणतो, अक्का शेरी म्हणाली होती. म्हणाली होती, खरं आहे. शब्द तिने दिला. मी दिला नव्हता. मी डावी बाही आहे तशी टाके घालून जोडली, आणि सांगून टाकलं, घालेन तर हाच अंगरखा, नाही तर येत नाही. समुद्राची मराठी वाक्यं पाठ असलेला दुसरा माणूस गल्लीत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

तालीम सुरू झालीय म्हणे. राम रोज संध्याकाळी बाण लावून उभा राहतो. समुद्र इकडे पंक्चर काढतोय. लंकेला कसं जायचं ते रामाने बघावं.