निवलेल्या ताटाचे सर

आमच्या डिचोलीच्या महाविद्यालयात एक गृहस्थ होते. त्यांनी सगळं आयुष्य अन्नाच्या अभ्यासात घालवलं आणि गरम घास म्हणून कधी खाल्ला नाही. ताट पुढं आलं की आधी खिशातून तापमापी निघायची, मग फूटपट्टी, मग वही. वास कसा, रंग कसा, भाजी कुठल्या गावची, वाढणारा कुठल्या हातानं वाढतो, जेवणारे कशाबद्दल बोलतात, हे सगळं टिपून होईपर्यंत भातावरचं तूप थिजायचं. मुलं त्यांना ‘निवलेले सर’ म्हणत. सरांना हे नाव ठाऊक होतं, आणि वर्णन म्हणून ते त्यांना अचूक वाटत होतं.

सर शिकवायचे भूगोल. पण “अन्न ही काय एकट्या भूगोलाची मालमत्ता आहे?” असं म्हणून त्यांनी इतिहास, रसायन, समाजशास्त्र सगळ्यांच्या दारात जाऊन पाहिलं. प्रत्येकानं त्यांना चहा पाजून शेजारच्या खात्याकडे धाडलं. शेवटी प्राचार्यांनी कंटाळून ‘अन्न-अभ्यास केंद्र’ मंजूर केलं. केंद्र म्हणजे व्हरांड्यातलं एक लोखंडी कपाट. पाटी कपाटापेक्षा रुंद झाल्यामुळे त्याचं दार अर्धंच उघडायचं. मी मराठीचा नवा शिक्षक, मला कोणी विचारलं नाही आणि मी केंद्राचा सहायक झालो. माझा हात बारीक होता, एवढीच माझी पात्रता.

एकदा जवळच्या सर्वण गावच्या देवळात संतर्पण, म्हणजे गावजेवण, होतं. सरांनी पंगतीत कागद वाटले: ‘पहिल्या घासापूर्वी भरावयाचा तक्ता’. प्रश्न चौदा. त्यातला एक होता, ‘आपणांस भूक लागली आहे हे आपणांस कसे समजले?’ सरांना मान म्हणून लोक खरंच लिहायला बसले. पेनं सगळी मिळून तीन. दोनशे माणसं पानावर हात आखडून बसलेली, भात निवतोय, आणि सर कौतुकानं येरझारा घालतायत. शेवटी वाढपी ओरडला, “मास्तरांनू, भूक कशी समाजली ता माका इचारा, मी सांगतंय!” आम्हाला देवळाच्या मागच्या दारानं बाहेर काढण्यात आलं. सरांनी पायरीवर बसून नोंद केली: ‘प्रतिसाद उत्स्फूर्त.’

घरी त्यांच्या पत्नी होत्या, आमच्या वहिनी. माहेर पेडण्याचं. हाताला अशी चव की त्यांचं खतखतं खाल्लेला माणूस आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगे. खतखतं म्हणजे पाच-सात भाज्या, तूरडाळ, खोबरं आणि तिरफळं घालून केलेला आमच्याकडचा सणाचा प्रकार. सर त्याच्यासुद्धा भाज्या वेगळ्या करून मोजत. त्यांच्या वहीत शेवटचा रकाना होता ‘शेरा’. तीस वर्षांत तो एकदाही भरला गेला नव्हता. वहिनी म्हणायच्या, “एकदा तरी बरां जालां म्हणा. तोंड काय झिजाचां नाय.” सर मान वर न करता सांगत, “नमुने कमी आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.” त्या हसून ताट उचलायच्या. पण त्यांना ते लागायचं. मी पाहिलंय.

मग एका सोमवारी त्यांनी संपच केला. ताटात कच्चे तांदूळ, हळद, डाळ, ओलं खोबरं, सगळ्याचे वेगळे ढीग. “ह्यां रसायनशास्त्र. पोटात एकत्र करा.” मंगळवारी भूगोल आला: पूर्वेला सर्वणची काकडी, पश्चिमेला मोरजीचा बांगडा, तोही कच्चा, समुद्राकडे तोंड करून. बुधवारी शिळा भात. “ह्यो इतिहास. कालचो.” गुरुवारी ताट रिकामं होतं. “आज समाजशास्त्र. शेजाऱ्याकडे जावन जेवा.”

दुसरा कोणी असता तर हात जोडले असते. आमचे सर आनंदानं वेडे झाले. त्यांनी चारही ताटांची मापं घेतली आणि ‘गृहिणीचा आंतरविद्याशाखीय प्रतिकार’ असा निबंध चर्चासत्रात वाचला. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निबंध संपल्यावर कोणीतरी विचारलं, “पण सरांनी यातलं खाल्लं काय?” वहिनी जागेवरूनच म्हणाल्या, “इतिहास तेवढो खाल्लो.” संप चारच दिवसांचा; शुक्रवारपासून त्यांनी पुन्हा नेहमीसारखा स्वयंपाक सुरू केला होता. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

गेल्या वर्षी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी केंद्राच्या कपाटातून वह्या मागवल्या आणि खतखतं करायला घेतलं. सुरणाच्या फोडीची लांबी, तिरफळांची संख्या, सगळं वहीबरहुकूम. मी डाळ ढवळायला होतो. ताट वाढलं, वहिनींनी डाव्या हातानं घास घेतला आणि डोळे मिटले. मी चाखून पाहिलं. मीठच नव्हतं! मीठ सगळ्यातच असतं, मग नोंदायचं कशाला, म्हणून सरांनी वहीत मिठाचा रकानाच केला नव्हता.

सरांनी कधी नव्हे ते घाबरत विचारलं, “कसं झालंय?”

वहिनींनी अख्खं ताट संपवलं आणि म्हणाल्या, “नमुने कमी आसत.”

मग सर रोज रांधू लागले. बोटं भाजली, दोन कुकर गेले. आता त्यांना वहीचं सुचत नव्हतं. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत बसायचे. रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. मला वाटतं त्या दोघांचे सगळ्यांत सुखाचे महिने ते असावेत. एका दुपारी वहिनींनी पेजेचे चारच घोट घेतले, वाटी सारली आणि म्हणाल्या, “बरां जालां.” त्याच आठवड्यात त्या गेल्या.

बाराव्याला सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्या दिवशीही मी मीठ विसरलो होतो. नंतर उरलेली पेज चाखली तेव्हा कळलं.” मग म्हणाले, “म्हणजे ‘बरां जालां’ हे केव्हाही म्हणता येतं रे. मला कोणी सांगितलंच नाही.” सांगितलं होतं, सर, तीस वर्षं रोज सांगितलं होतं.

आता ते रोज सकाळी महाविद्यालयात येतात. प्राचार्य त्यांना अडवत नाहीत. माझा हात कपाटात जातो, एक वही बाहेर येते, आणि सर बाकावर बसून तीस वर्षांचे ‘शेरा’ रकाने भरतात. तारखेमागून तारीख, प्रत्येक ओळीत ‘बरां जालां’. परवा ते संपाच्या आठवड्याशी पोचले. रसायनशास्त्रापुढे लिहिलं, भूगोलापुढे लिहिलं, इतिहासापुढे लिहिलं. गुरुवारच्या ओळीवर पेन थांबलं.

“सर, त्या दिवशी ताट रिकामं होतं,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले, आणि तिथंही त्यांनी तेच लिहिलं.