कांदा, चप्पल आणि चाव्या

मला फिट येते. आमच्या टेंभुर्णीत फिट आली की नाकाला कांदा लावतात. कांदा हाताशी नसला तर चप्पल. माझ्या नाकाला कुणाकुणाच्या चपला लागल्या, देव जाणे.

दोन हजार सालानंतर मी जालन्यात कॉलेजला होते. तिथल्या नेट कॅफेत मला फिट येणाऱ्यांचा एक गट सापडला. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळे लिहायचे. मी गेले तेव्हा वाद चालला होता, कांदा बरा का चप्पल. मद्रासकडचा एकजण म्हणाला, आमच्याकडं हातात लोखंडी चाव्या देतात. मला हेवाच वाटला. मग पुण्याच्या एका बाईनं लिहिलं, यातलं काहीच करू नका, पडलेल्याला कुशीवर वळवा आणि गोळी चुकवू नका. कुशीवर वळवतात हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथंच रडले. कॅफेवाला म्हणाला, "ताई, रडू नका, नेट स्लो हाये, येईल."

मग केदारखेड्याचं स्थळ आलं. आई म्हणाली, "लगीन होईस्तोवर तुझ्या फिटच्या गोळ्या बंद. कुणी पाहिल्या तर नाक कापलं जाईल आपलं." मी गटात विचारलं. पुण्याच्या बाईनं एवढंच लिहिलं, 'माझ्याही बंद केल्या होत्या. मी मांडवातच पडले.'

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "शिवणकाम जमतं का?"

"न्हाई. आणि मला फिट येते. रोज गोळी घेते, पुढंही घेणार."

माझे वडील घाईघाईनं म्हणाले, "यंदा कापूस बरा हाये."

स्थळ तिथंच मोडलं. मुलाची आई मात्र हात धुवायच्या निमित्तानं मला न्हाणीपाशी गाठून म्हणाली, "आमची धाकटी बी पडती. शाळा सोडवली, घरातच ठेवतो. गोळीचं नाव सांग बरं."

असा संताप आला! मला नाकारून माझीच गोळी विचारून राह्यल्या. म्हटलं, "गोळी डॉक्टर देतो. पोरीला घेऊन जालन्याला या, मी येते सोबत."

खरंच आल्या. दवाखाना झाल्यावर मी दोघींना कॅफेत नेलं, गटातलं एकेक वाचून दाखवलं. कुणी नोकरीवर चाललेलं, कुणी बाजारातून आलेलं, कुणी पोराला शाळेत सोडून लिहायला बसलेलं. पोरगी पडद्याकडं बघतच राहिली.

"ताई, ह्या समद्यायला फिट येती?"

"समद्यायला."

"मंग हे घराबाहेर कसे काय?"

तिची आई खुर्चीमागंच उभी होती.

"ते आईला विचार," मी म्हटलं.