वादळाच्या मधोमध

गावात टपाल वाटणाऱ्या सेनाइदामावशीचं घर काँक्रीटचं, म्हणून त्या चक्रीवादळात आम्ही अकराजण तिच्याकडेच शिरलो होतो. सकाळपासून पूर्वेचा वारा दारं हाणत होता. क्यूबाच्या पश्चिम टोकाला जन्मलेल्यांना वादळं नवी नाहीत, पण त्या दिवशी सगळे भिंतीला चिकटून बसले होते.

दुपारी दोनला वारा एकाएकी थांबला. पाऊसही. खिडकीच्या फटीतून चक्क ऊन आलं.

"गेलं एकदाचं!" शेजारच्या फर्मीनने दाराचा अडसर काढला. समुद्र पार आत हटला होता. चिखलात त्याची होडी कलंडून पडली होती. "दोर आवळून आलोच."

"पाऊल टाकू नकोस," मावशी म्हणाली. "गेलेलं नाही ते. आपण त्याच्या मधोमध आहोत."

"मग वारा कुठाय?"

"भोवती. आत यायलाच धावतोय, पण इतक्या जोरात गरगरतोय की मध्यापर्यंत पोचतच नाही. कडेनेच फिरतो आणि तिथूनच वर चढतो. मध्ये हवा वरून सावकाश खाली उतरते, म्हणून ढग विरलेत. तिकडे बघ."

दक्षिणेला ढगांची भिंत आभाळापर्यंत उभी होती.

"ती आली की वारा उलटा फिरेल, समुद्राला घेऊन."

"पत्रं वाटून वाटून बाई शास्त्रज्ञ झाली!" फर्मीन हसला आणि पळालाच.

 मावशी नऊ वर्षांची असताना तिचा बाप अशाच उन्हात होडी बांधायला गेला आणि परतलाच नाही. या शांततेबद्दल तिने पुढे मिळेल ते वाचून काढलं होतं.

"सगळे पूर्वेच्या खोलीत व्हा!" असं ओरडून, स्वयंपाकघरातली सुरी घेऊन ती चिखलातून धावली. मी दारातून बघत होतो. फर्मीन गाठ मारत होता. तिने दोर सपकन कापला.

"वेडी झालीस का गं?" त्याने हात उगारला.

"मार! पण आधी आवाज ऐक, गाढवा!"

घरघर आम्हालाही ऐकू आली. मग ते दोघं पळत सुटले. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. आम्ही त्यांना आत ओढलं आणि चौघांनी दाराला खांदे लावले. थोड्याच वेळात पश्चिमेच्या पडवीचे पत्रे उडाले. संध्याकाळपर्यंत आम्ही कंबरभर पाण्यात उभे होतो. मावशी धरून बाराच्या बारा वाचलो.

होडी सापडली नाही. "तूच घालवलीस," म्हणत फर्मीनने तीन महिने अबोला धरला. पुढे त्याने नवी होडी बांधायला घेतली, तेव्हा दर रविवारी फळ्या धरायला मावशी जायची. बोलणं मात्र बेताचंच.